काचवाले मिस्टर रॉनवो

काच बसवणाऱ्या माणसाला टाय कशाला लागतो, असं मी त्यांना कामाच्या पहिल्याच दिवशी विचारलं होतं. माझं तोंड तसंच आहे, डोक्यात आलं की जिभेवर येतं. मिस्टर रॉनवोंनी हातातली हिरकणी खाली ठेवली आणि म्हणाले, "मिसेस के, लोक आपल्या घराची भिंत उघडी टाकून आपल्याला आत घेतात. नीट दिसायला नको?" आणि परत काच कापायला लागले. टाय निळा होता, एकच होता, आणि त्याच्यावर नेहमी जाड कापडाचा एप्रन असायचा. त्यामुळे गाठीखेरीज तो कुणाला दिसायचाही नाही.

मिसेस के म्हणजे मी, सुमन कांबळे. नागपूरची. एकोणऐंशी साली लग्न करून अमेरिकेला आले. मिलिंदची नोकरी एका औषधांच्या लॅबमध्ये होती आणि आम्ही न्यू जर्सीत, एडिसनच्या पलीकडे स्टेशनाजवळच्या एका जुन्या गावात भाड्याने राहत होतो. मुलगी शाळेत जायला लागली तशी घर मला खायला उठलं. खाली मेन स्ट्रीटवर एका दुकानाच्या दारात पाटी दिसली, फोन आणि हिशेब बघायला बाई पाहिजे. आत गेले. साठीतला एक उंच माणूस मोठ्या टेबलावर ओणवा होऊन तोंडातल्या तोंडात फ्रेंचमध्ये आकडे म्हणत होता. त्याने मला एकच प्रश्न विचारला, "सात आठांश आणि पाच सोळांश किती?" मी सांगितलं, एक आणि तीन सोळांश. "उद्या आठ वाजता," तो म्हणाला. माझं शिक्षण काय, मी कुठली, साडी नेसणार की पँट घालणार, काही नाही. पुढची पाच वर्षं मी तिथे होते.

ओमेर रॉनवो. आईबाप बेल्जियमचे. बाप काच फुंकणारा कारागीर होता. खिडकीच्या काचा तेव्हा तोंडाने फुंकून करत. माणसाएवढी लांब नळी फुंकायची, ती उभी चिरायची आणि भट्टीत तापवून सपाट करायची. त्या कामासाठी पेनसिल्व्हेनियातल्या कारखान्याने बेल्जियमहून माणसं आणली होती. मग यंत्रं आली. ज्या कारखान्याने बोलावून आणलं, त्याच कारखान्यात बाप पुढे वीस वर्षं झाडू मारत होता. "माझ्या वडिलांचे गाल फुग्यासारखे लोंबायचे," मिस्टर रॉनवो एकदा म्हणाले, "आणि ते घरी कुणाशी बोलायचे नाहीत. एवढा वारा आतून बाहेर टाकला, की शब्दांना उरला नसावा." हे ते हसून सांगत, पण मला ते ऐकून कधी हसू आलं नाही. स्वतः ओमेर त्याच कारखान्यात काचा वाहून मोठे झाले, मग लढाईवर गेले, आणि परत आल्यावर ह्या गावात बायकोच्या माहेरी येऊन त्यांनी दुकान काढलं. दुकान म्हणजे पुढे माझं काउंटर, मागे कापायची खोली, आणि तिच्या मागे व्हॅन उभी करायची गल्ली.

त्यांच्या कामाच्या तऱ्हा होत्या. माप तीनदा घ्यायचं. दोनदा स्वतः, आणि तिसऱ्यांदा ज्याच्या घरची खिडकी आहे त्याच्या हातात पट्टी देऊन त्याच्याकडून. लोक वैतागायचे. "काच कधी चुकत नाही, माप चुकतं," असं ते म्हणत, आणि मग ते माप मी माझ्या वहीत लिहायचे. हातमोजे कधी घातले नाहीत. काच हाताला कळली पाहिजे म्हणे. त्यांच्या बोटांवर इतके बारीक पांढरे व्रण होते की तळहात आणि हाताची पाठ सारखीच दिसायची. काचेवर दुकानाचं स्टिकर लावायला त्यांची सक्त मनाई होती. मी एकदा सुचवलं, जाहिरात होईल. तर म्हणाले, "काच दिसली म्हणजे माझं काम बिघडलं."

कुठेही काच फुटल्याचा फोन आला की त्याच दिवशी, मग तो ओळखीचा असो नाहीतर दारूडा असो, जाऊन आधी तुकडे वेचायचे. तेही स्वतः, गुडघ्यावर बसून. मोठे तुकडे हाताने, बारीक झाडूने, आणि झाडूतूनही सुटणारा जो चुरा असतो तो पावाने. मऊ पांढऱ्या पावाची स्लाइस जमिनीवर हलकेच दाबायची, उचलायची, दुसरी घ्यायची. पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझा संताप झाला. अन्न आहे ते. आमच्या घरात आजी ताटाखाली पडलेलं शीत उचलून खायची. मी त्यांना तसं सांगितलंही. ते स्लाइस दाबत राहिले. "ह्या घरात रांगणारं मूल आहे," ते म्हणाले, "पाव त्याच्या कामी येतोय." तेव्हापासून दर सोमवारी पावाचा पुडा मीच आणून ठेवायचे.

आणि पुट्टी. काच चौकटीत बसवायला लागते ती. आपल्याकडे सुतार तिला लांबी म्हणतात. सगळं गाव डबाबंद वापरत होतं, हे मात्र घरी करायचे. खडूची भुकटी, जवसाचं उकळलेलं तेल, आणि त्यात चिमूटभर शेंदूर. शेंदूर बघून मी उडालेच. आम्ही बौद्ध, माझा शेंदराशी कधी संबंध आला नाही, पण नागपुरात वाढलेल्या माणसाला तो रंग ओळखायला शिकावा लागत नाही. "हा इथे कशाला?" तर शेंदराने पुट्टी दगडासारखी कडक होते, असं त्यांच्या बापाचं म्हणणं. कणकेसारखी मळून मळून घ्यायची, आणि दिवस संपताना उरलेल्याचा मुठीएवढा गोळा करून पाण्यात टाकायचा. पाण्यात टाकायचा राहिला तर तो वाळून खरोखर दगड व्हायचा. असे गुलाबीसर राखाडी गोळे टेबलाखालच्या खोक्यात साठलेले असत, कारण फेकायचं काही नाही हाही बापाचाच नियम. तशी पुट्टी गावात दुसरं कुणी करत नव्हतं. बहुतेक राज्यातही नसेल.

त्यांना एक मुलगा होता, डॅनी. उशिरा झालेला, एकुलता एक. तो वाईट होता असं मला लिहायचं नाही, आणि चांगला होता असंही नाही. बर्फात माझी गाडी अडकली की न सांगता फावडं घेऊन यायचा. माझ्या मुलीला त्याने सायकल शिकवली. वीस-एकविसाव्या वर्षी तो मोटारींच्या कारखान्यात लागला, बापाच्या दुकानात काम करायची त्याला लाज वाटायची. दोन वर्षांत तिथून त्याला कमी केलं. मग तो कधी दुकानात, कधी स्टेशनापलीकडच्या बारमध्ये. ह्याच काळात मेन स्ट्रीटवर आपल्या लोकांची दुकानं यायला लागली होती. आधी किराणा, मग साड्या, मग तिकिटांचं ऑफिस. डॅनी मला म्हणाला होता, "मिसेस के, तुमच्याबद्दल नाही म्हणत हं, पण ही तुमची माणसं सगळी गल्लीच विकत घेणार का?" मी म्हटलं, घेतील, आणि तुझ्या वडिलांकडून काचा बसवून घेतील. तो हसला. मीही हसले.

सत्याऐंशीच्या उन्हाळ्यात आपल्या लोकांच्या काचा फुटायला लागल्या. आमच्याच गावात नाही, आजूबाजूलाही. कुणाच्या दारावर काहीबाही लिहिलेलं असायचं, कुणाच्या आईला रस्त्यात पोरं टिकलीवरून काही बोलली. मंडळाच्या कार्यक्रमात बायका कुजबुजायच्या. माझ्या आजोबांच्या घरावर गावात दगड पडले होते. विहिरीचं प्रकरण होतं. कौलं फुटल्याचा आवाज माझ्या वडिलांना म्हातारपणीही झोपेतून उठवायचा. त्यामुळे दगड म्हणजे काय, ते मला कुणी शिकवायला नको होतं.

ऑगस्टमध्ये एका सकाळी हसमुखभाईंचा फोन आला. त्यांचं साड्यांचं दुकान आमच्यापासून चार दारं पलीकडे. ती पुढची भली मोठी काच मिस्टर रॉनवोंनीच दोन वर्षांपूर्वी बसवली होती. हसमुखभाईंचे वडील, त्यांना सगळे बापूजी म्हणत, त्या काचेच्या आत खुर्ची टाकून दिवसभर रस्ता बघत बसायचे. त्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि मिस्टर रॉनवोंना इंग्रजी-फ्रेंचखेरीज दुसरं काही येत नव्हतं. तरी जाता-येता हे आत शिरायचे, बापूजी चहा मागवायचे, आणि दोघं म्हातारे शेजारी बसून न बोलता प्यायचे. मी एकदा विचारलं, काय करता हो तिथे? "तो माझ्या काचेतून बघतो," ते म्हणाले, "एवढा वेळ माझ्या काचेतून दुसरं कुणी बघितलेलं नाही."

आम्ही दोघं गेलो. मापं लिहायला मी लागायचे, आणि बापूजींशी हिंदीत बोलायलाही. काच रात्रीच कुणीतरी फोडलेली होती, दुकानात कुणी नव्हतं. मिस्टर रॉनवो गुडघ्यावर बसले, मोठे तुकडे उचलले, झाडू मारला, पाव मागितला. मी स्लाइस देत होते. साड्यांच्या घडवंचीखाली हात घालून त्यांनी काहीतरी ओढून काढलं आणि ते थांबले. मुठीएवढा गोळा होता. गुलाबीसर राखाडी.

मी तो बघितला. मी बघितला हे त्यांनी बघितलं. हसमुखभाई पाठमोरे फोनवर होते. मिस्टर रॉनवोंनी तो गोळा एप्रनच्या खिशात टाकला आणि माझ्याकडे हात पुढे केला. मी पुढची स्लाइस दिली.

त्या दिवशी त्यांनी माप एकदाच घेतलं. दुसऱ्या दिवशी नवी काच चौकटीत बसवायला गेले तर अर्धा इंच कमी. त्या दुकानातली अशी पहिली चूक मी बघितली ती ही. परत कापली, परत आणली, बसवली. कुणालाही कळलं नसतं, हसमुखभाईंना तर नाहीच, पण मला कळत होतं की हा माणूस आतून हलला आहे.

तिसऱ्या दिवशी मागच्या खोलीत बापलेकांचं बोलणं झालं. दार बंद होतं. आवाज चढला तो डॅनीचा, बापाचा नाही. डॅनी बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. माझ्याकडे न बघता गेला. मिस्टर रॉनवो मागून आले आणि म्हणाले, "सोमवारपासून डॅनी पूर्ण वेळ इथे काम करेल. तसं लिहून घ्या." मी लिहून घेतलं. टेबलाखालचं खोकं त्याच दिवशी नाहीसं झालं. कुठे गेलं ते मी विचारलं नाही.

मी घरी मिलिंदला सांगितलं. तो जेवता जेवता थांबला. "तू बघितलंस? नक्की?" नक्की. "मग आता विसर. भाड्याच्या घरात राहतो आपण, ग्रीन कार्डचे कागद अजून लटकलेत, पोरगी ह्याच रस्त्याने शाळेत जाते. त्यांचा मुलगा आहे, ते बघतील." मला राग यायला हवा होता. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. कुणीतरी गप्प बस म्हणावं म्हणूनच बहुधा मी सांगितलं होतं.

तरी मी रोज ठरवायचे की आज मिस्टर रॉनवोंना विचारायचं. एरवी टायवरून बोलणारी, पावावरून भांडणारी मी. सकाळी ते आत यायचे, कोट खुंटीला लावायचे आणि माझ्या काउंटरपाशी थोडा वेळ उगीच उभे राहायचे. पूर्वी ते असे कधी उभे राहत नसत. मी फोन उचलायचे, पेन्सिलीला टोक करायचे. मग ते मागे जायचे. मला वाटायचं, हे मला गप्प राहायला सांगायला येतात आणि त्यांना धीर होत नाही.

डॅनी मात्र आठवडाभर नीट काम करत होता. बापाच्या शेजारी उभा राहून काचा कापत होता. एक दिवस दोघांना मी हसताना ऐकलं. त्याच दिवशी दुपारी मिस्टर रॉनवो मला घेऊन हसमुखभाईंकडे गेले. काच फुटल्यापासून हसमुखभाईंनी बापूजींची खुर्ची आत, काउंटरमागे हलवली होती, आणि म्हातारा तिथे भिंतीकडे तोंड करून हिरमुसून बसलेला असायचा. मिस्टर रॉनवोंनी ती खुर्ची उचलली आणि काचेजवळ आणून ठेवली. हसमुखभाईंना म्हणाले, "बसू द्या त्यांना इथे. आता काही होणार नाही." हसमुखभाई म्हणाले, तुम्ही कसं सांगता? ते म्हणाले, "मी सांगतो ना." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "त्यांनाही सांगा." आणि मी बापूजींना हिंदीतून सांगितलं, बैठिए बापूजी, अब कुछ नहीं होगा. हे वाक्य माझ्या तोंडून गेलेलं आहे. म्हातारा दोन्ही हातांनी खुर्चीचे हात धरून बसला आणि मिस्टर रॉनवोंकडे बघून हसला.

त्यानंतर दोन दिवसांनी शनिवार होता. दुकान पाचला बंद झालं. डॅनी पगार घेऊन गेला. सात वाजता, अजून लख्ख ऊन असताना, हसमुखभाईंच्या काचेतून गोळा आत आला.

डॅनी पुढे कोर्टात म्हणाला की मावळतीचं ऊन काचेवर होतं, आत कुणी बसलंय हे दिसलंच नाही. बारमध्ये दोघा मित्रांनी डिवचलं होतं, बाप तुला त्यांच्या दारात पुट्टी लावायला पाठवतो म्हणून. गाडीत एक गोळा राहिला होता. हे सगळं खरं असेल. बापूजींचा उजवा डोळा गेला. डाव्यातही काच होती, तो डॉक्टरांनी निम्मा वाचवला.

मिस्टर रॉनवोंनी मला फोन केला तेव्हा मी पोळ्या करत होते. मी पोचले तर ॲम्ब्युलन्स जाऊन चुकली होती. ते गुडघ्यावर बसले होते आणि जमीन वेचत होते. पाव लाल होत होता. एक स्लाइस, दुसरी स्लाइस, खाली ठेवायची, परत घ्यायची. मी पुडा धरून उभी होते. मग त्यांनी मोकळ्या चौकटीवर फळ्या ठोकल्या, मागच्या नळावर हात धुतले, टायची गाठ सारखी केली. "दुकानाची किल्ली तुमच्याकडे आहे ना?" आहे म्हटलं. "मागची खोली बंद करून जा." आणि ते रस्ता ओलांडून पोलीस स्टेशनकडे चालत गेले. रस्त्यावर बरेच लोक जमले होते. कुणी त्यांना काही विचारलं, पण ते थांबले नाहीत.

मुलाचं नाव त्यांनी स्वतः सांगितलं. आधीच्या गोळ्याचंही सांगितलं, खिशात घातल्याचं, नऊ दिवस गप्प राहिल्याचं. माझं नाव मात्र त्यांनी घेतलं नाही. पोलीस माझ्याकडे कधी आले नाहीत.

डॅनीला सात वर्षांची शिक्षा झाली. रोझ, त्यांची बायको, निकालाच्या दिवशी बहिणीकडे राहायला गेली ती परत आली नाही. "ओमेरने वकिलाशी तरी आधी बोलायला हवं होतं," एवढंच ती मला म्हणाली, "तो माझाही मुलगा होता." गावातली जुनी गिऱ्हाइकं एकेक करून कमी झाली. तोंडावर कुणी काही बोलत नव्हतं. पण पोटच्या पोराला जो पोलिसांत देतो त्याला घरात घ्यायला लोक कचरतात, त्याचा गुण काय नि दोष काय, कुणी बघत नाही. आपल्या लोकांनीही त्यांना बोलावणं सोडलं. हसमुखभाईंच्या तळघरात सगळ्या दुकानदारांची मीटिंग झाली होती, मीही गेले होते. कुणीतरी म्हणालं, बाप नव्या काचा विकणार आणि पोरगा जुन्या फोडणार, चांगला धंदा आहे. लोक हसले. हसमुखभाई हसले नाहीत. ते म्हणाले, "त्याला माहीत होतं. माहीत असून त्याने माझ्या बापाची खुर्ची स्वतःच्या हाताने तिथे ठेवली."

हे खोटं नव्हतं. पण त्या खोलीत एक माणूस असा होता की ज्याला सगळं माहीत होतं. त्याने उठून सांगायला हवं होतं की ह्या माणसाने आपला मुलगा स्वतः नेऊन दिला, नाहीतर तुम्हाला कधीच कळलं नसतं. आणि हेही सांगायला हवं होतं, की मलाही माहीत होतं. मी चहाचा कागदी कप दोन्ही हातांत धरून बसून राहिले. मीटिंग संपली, कप तसाच कचऱ्यात टाकला. मला स्वतःची आजही लाज वाटते. नुसती लाज म्हणणं थोडंच आहे, पण दुसरा शब्द मला येत नाही.

मिस्टर रॉनवोंनी हसमुखभाईंसाठी काच कापली होती, तीनदा माप तपासून. व्हॅनमधून घेऊन गेले. हसमुखभाईंनी दारातूनच हात केला, नको. ते काच परत घेऊन आले आणि भिंतीला टेकवून ठेवली. दुसऱ्या दिवशी लांबून कुठूनतरी दुसऱ्या कंपनीचा ट्रक आला. आम्ही दोघं आमच्या दारातून बघत होतो. "डबाबंद पुट्टी," ते म्हणाले आणि आत गेले. त्यानंतर दुकान दीड वर्ष चाललं, चाललं म्हणजे उघडलं जायचं. ते रोज आठला यायचे, टेबल पुसायचे, कोऱ्या काचेचे तुकडे काढून उगीच कापत बसायचे. हिरकणीचा तो करकर आवाज दिवसभर मागून यायचा. फोन वाजला की दोघंही दचकायचो. एकोणनव्वदच्या वसंतात त्यांनी जागा सोडली.

त्याच वर्षी मिलिंदची बदली टेक्सासला, प्लेनोला ठरली. जाण्याआधीच्या रविवारी मी त्यांच्या खोलीवर निरोप घ्यायला गेले. स्टेशनाजवळ एका घराच्या वरच्या मजल्यावर ते भाड्याने राहत होते. व्हॅन विकलेली. दर रविवारी दोन बस बदलून ते तुरुंगात डॅनीला भेटायला जातात, हे मला तेव्हा कळलं. मी म्हटलं, आज मी सोडते.

वाटेत ते रस्त्याकडच्या घरांच्या खिडक्या बघत होते. तुरुंगाच्या दारापाशी बायकामुलांची रांग होती, तीत ते जाऊन उभे राहिले. सगळ्या रांगेत ताठ उभा असलेला तो एकच माणूस होता. मी गाडीत थांबले. तासाभराने आले.

"भेटला?"

"नाही."

"बरा नाही का?"

"बरा आहे. तो येत नाही. माझं नाव सांगितलं की तो नको म्हणतो." ते गाडीत बसले, पट्टा लावला. "तास आपला असतो. मी तास संपेपर्यंत बसतो. कधी वाटलं तर त्याला ठाऊक असावं, मी इथेच आहे म्हणून."

"किती दिवस झाले असं?"

"पहिल्यापासून."

मी गाडी सुरू केली नाही. आता नाही तर कधीच नाही, असं मला वाटलं. म्हटलं, "मिस्टर रॉनवो, त्या दिवशी तो गोळा मी बघितला होता."

"मला माहीत आहे."

"मी कुणालाही सांगितलं नाही. मिलिंदशिवाय. बापूजींना मीच बसायला सांगितलं, सगळं माहीत असून. मीटिंगमध्येही मी तोंड उघडलं नाही. तुम्ही रोज सकाळी काउंटरपाशी यायचात, मला वाटायचं, मी गप्प राहावं असं तुम्हाला सांगायचं आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. राग असता तर मला सोसला असता. ते माप घेताना बघायचे तसे बघत होते, नीट, वेळ घेऊन.

"मी नेमकं उलट व्हावं म्हणून यायचो," ते म्हणाले. "पोलिसांकडे जाणं मला एकट्याला होत नव्हतं. मला वाटायचं, आज मिसेस के विचारेल. ती सगळं विचारते. ती एकदा विचारेल, आणि मग मला नाही म्हणता येणार नाही. नऊ दिवस वाट बघितली मी तुमची."

मी गाडी सुरू केली. त्यांच्या घरासमोर मी गाडी उभी केली. त्यांनी आभार मानले, टेक्सासमध्ये गारा फार पडतात, गाडी छपराखाली ठेवत जा असं सांगितलं, आणि कठड्याला धरून जिना चढून वर गेले.